ओझं कोणाच्या खांद्यावर? मराठी प्रवासातल्या सामानाची गोष्ट

शाळांना सुट्ट्या लागल्या आहेत, आणि आपल्यापैकी बऱ्याच जणांच्या दिवाणखान्यात या आठवड्यात बॅगा उघड्या पडलेल्या असणार. वजनकाटा बाहेर निघाला असेल. कुणीतरी बॅग हातात धरून काट्यावर उभं राहतंय, मग स्वतःचं वजन वजा करतंय, मग चॉकलेटचे दोन पुडे एका बॅगेतून दुसरीत जाताहेत. भारतात जाणारे जाताहेत आणि भारतातून आई-बाबा इकडे येताहेत. तिकडेही हाच कार्यक्रम चालू आहे, फक्त चॉकलेटच्या जागी मेतकूट आणि भाजणी.

काट्यावरचा तो आकडा आपल्याला पाठ आहे. पन्नास पौंड, म्हणजे २३ किलो. त्याच्या वर गेलं की जादा पैसे आणि बॅगेवर ‘हेवी’ अशी ठळक चिठ्ठी. सत्तर पौंडांच्या, म्हणजे ३२ किलोंच्या वर गेलं, तर बहुतेक ठिकाणी पैसे देऊनही बॅग घेत नाहीत, दोन बॅगा करा म्हणतात. अनेकांना वाटतं की हा विमानाच्या ताकदीचा प्रश्न आहे. शेकडो टन वजन उचलणाऱ्या विमानाला तुमच्या बॅगेतल्या दोन किलोंनी काय होणार? ती मर्यादा आहे माणसाच्या पाठीसाठी. विमानाच्या पोटात वाकून, गुडघ्यांवर बसून, एकेक बॅग हाताने सरकवणारा एक कामगार असतो. तो आपल्याला कधी दिसत नाही. ती ‘हेवी’ची चिठ्ठी त्याच्यासाठी असते: बाबा रे, ही उचलताना सांभाळून.

आज बोलायचं आहे ते याबद्दल. प्रवासात आपण जे बरोबर घेतो ते शेवटी कोण उचलतं? आपल्या इतिहासात हा प्रश्न बराच जुना आहे, आणि त्याची उत्तरं चांगलीही मिळाली आहेत, भयंकरही.

सुरुवात शिवाजी महाराजांच्या लष्करापासून करू. कृष्णाजी अनंत सभासद यांनी १६९७ च्या सुमारास, राजाराम महाराजांच्या काळात जिंजीला बसून जी बखर लिहिली, तिच्यात लष्कराच्या वर्षाचं वेळापत्रक आहे. पावसाळ्याचे चार महिने छावणी, दसऱ्याला कूच, आठ महिने मुलूखगिरी, वैशाखात परत. त्यात एक बारीक गोष्ट आहे. निघताना लष्करातल्या लहानथोर प्रत्येकाजवळ काय काय आहे याची यादी करायची. परत येताना सरहद्दीवर पुन्हा झाडा घ्यायचा. यादीपेक्षा जास्त सापडलं तर ते सरकारात जमा व्हायचं किंवा पगारातून वजा व्हायचं. लष्कराबरोबर बायका, बटकी, कलावंतिणी न्यायच्या नाहीत, हा नियमही त्याच ठिकाणी येतो.

आजच्या भाषेत हे बॅगेज अलाउन्स झालं, आणि तेही काटेकोर. यामागे वेग हे कारण होतंच. डोंगराळ मुलखात, हलक्या घोडदळाने, अचानक येऊन अचानक जाणाऱ्या सैन्याला सामान परवडत नाही. पण मला त्या यादीत दुसरं काहीतरी जास्त महत्त्वाचं वाटतं. ज्याच्या सामानाची नोंद आहे त्याला वाटेतल्या गावातून हळूच काही उचलता येत नाही.

हे मी ओढून ताणून म्हणत नाही. महाराजांचं चिपळूण भागातल्या छावणीला लिहिलेलं एक पत्र प्रसिद्ध आहे, राज्याभिषेकाच्या आसपासच्या काळातलं. जुमलेदार, हवालदार आणि कारकून यांना उद्देशून आहे. परिस्थिती अशी होती की घोडदळाचा तळ तिथे पडला होता आणि पावसाळ्यासाठी साठवलेला दाणागोटा, गवत आधीच खर्चात पडला होता. महाराज लिहितात त्याचा आशय असा. आज मनाला येईल तसं दाणा-वैरण उधळाल, तर ऐन पावसाळ्यात काही उरणार नाही आणि घोडी मरतील. मग तुम्ही मुलखाला त्रास द्यायला लागाल. कुणी कुणब्याच्या घरचे दाणे आणील, कुणी भाकर, कुणी गवत, कुणी जळण, कुणी भाजी. मग जे कुणबी जीव धरून राहिले आहेत तेही गाव सोडून जातील. त्यांना वाटेल, यांच्यापेक्षा मोगल बरे. तेव्हा रयतेला काडीचाही त्रास देऊ नका. तुम्हाला पैसे दिले आहेत, जे हवं ते बाजारातून विकत आणा.

पत्र इथे संपत नाही, आणि पुढचा भाग मला फार आवडतो. गवताच्या गंजीजवळ तळ पडलाय, हे लक्षात घेऊन राजा आगीबद्दल लिहितो. कुणी चूल पेटवेल, कुणी तंबाखू ओढेल, वाऱ्याने ठिणगी उडेल. रात्री दिवा जळत ठेवाल आणि उंदीर पेटती वात ओढून नेईल. उंदीर! एका राज्याचा संस्थापक, ज्याला राज्याभिषेकाची तयारी, मोगल, आदिलशाही एवढे व्याप, तो उंदराने वात नेण्याचा विचार करून ठेवतो आणि तळावरच्या लोकांना बजावतो की झोपताना दिवा मालवा. दुसऱ्याच्या घरी, दुसऱ्याच्या मुलखात उतरलेल्या माणसाने कसं राहावं याबद्दल मराठीत इतकं नेमकं फार कमी लिहिलं गेलंय.

आता यानंतर नव्वद वर्षांच्या आतली गोष्ट. १७६० च्या मार्च महिन्यात सदाशिवरावभाऊ पटदूरहून उत्तरेला निघाले. हे सैन्य तोफखान्यासह होतं, त्यामुळे आधीच जड होतं. पण त्याहून जड होती बरोबरची माणसं. सरदारांची कुटुंबं, नोकरचाकर, दुकानदार, आणि काशी, मथुरा, कुरुक्षेत्र करून येऊ, एवढ्या मोठ्या फौजेचं संरक्षण पुन्हा कधी मिळणार, असा हिशेब केलेले हजारो यात्रेकरू. लढणाऱ्यांपेक्षा न लढणारे जास्त होते. भाऊंच्या पत्नी पार्वतीबाई बरोबर होत्या. तरुण नाना फडणवीस आपली आई आणि पत्नी यांना घेऊन आले होते. या सगळ्या लटांबराला त्या काळचा शब्द आहे ‘बुणगे’. बाजारबुणगे ही आपल्या भाषेतली शिवी तिथूनच आली.

वाटेत सूरजमल जाटाने सल्ला दिला होता की कुटुंबकबिला, जड सामान, न लढणारे लोक चंबळेच्या अलीकडे किंवा माझ्या किल्ल्यांत ठेवा आणि हलक्या फौजेने, आपल्या जुन्या पद्धतीने लढा. मल्हारराव होळकरांचंही मत त्याच बाजूचं होतं. तो ऐकला गेला नाही. ऑक्टोबरच्या अखेरीला अब्दालीने बागपतजवळ यमुना ओलांडली, दिल्लीकडची वाट तुटली आणि पानिपतला कोंडी झाली. दोन महिन्यांहून जास्त काळ एवढी तोंडं खात होती आणि बाहेरून दाणा येत नव्हता. १४ जानेवारी १७६१ ला जेव्हा उपाशी फौज बाहेर पडली, तेव्हा न लढणाऱ्यांना मधे घेऊन, त्यांच्याभोवती गोल करून चालायचं होतं. म्हणजे लढाईच्या दिवशीसुद्धा सैन्याला सामान सांभाळत पुढे सरकायचं होतं.

पानिपत केवळ सामानामुळे हरलो असं म्हणणं बरोबर होणार नाही. उत्तरेत मित्र जोडता आले नाहीत, तोफखाना आणि गनिमी पद्धत यांची सांगड बसली नाही, अशी कितीतरी कारणं आहेत आणि त्यावर कपाटं भरतील एवढं लिहिलं गेलंय. पण दाणा संपला तो खाणाऱ्यांची संख्या मोजली नव्हती म्हणून. जे स्वतः लढू शकत नव्हते, त्यांचं ओझं लढणाऱ्यांवर पडलं. आणि शेवटी सगळ्यात भयंकर हाल झाले ते त्या बुणग्यांचेच. नाना फडणवीस कसेबसे जीव वाचवून परतले. त्यांची आई त्या गर्दीत हरवली ती हरवलीच. एकोणिसाव्या वर्षातला तो मुलगा पुढे मराठी राज्याचा कारभार पाहणारा मुत्सद्दी झाला, आणि ही हकिकत त्याने स्वतःच्या आत्मवृत्तात लिहून ठेवली. यात्रेच्या हौसेने निघालेल्या कितीतरी साध्या माणसांची नावंसुद्धा राहिली नाहीत.

श्रोतेहो, लष्कराची गोष्ट सांगितली ती एका कारणाने. सामानाची ही शिस्त आपल्याकडे टिकली, पण ती टिकली लढाईत नाही, वारीत. आणि ती तिथे नेली एका जुन्या लष्करी माणसानेच.

पंढरपूरची वारी फार जुनी आहे, ज्ञानदेवांच्याही आधीची. तुकाराम महाराजांचे पुत्र नारायण महाराज यांनी १६८५ मध्ये पालखीची प्रथा सुरू केली, तेव्हा ज्ञानदेव आणि तुकोबा दोघांच्या पादुका एकत्र निघत. पुढे आळंदीची पालखी वेगळी निघू लागली, १८३२ च्या सुमारास, ती हैबतबाबा आरफळकर यांच्यामुळे. सातारा जिल्ह्यातल्या आरफळचे हे हैबतबाबा ग्वाल्हेरच्या शिंद्यांच्या पदरी सरदार होते. नोकरी सोडून आळंदीला आले आणि त्यांनी वारीला लष्करासारखी रचना दिली. घोडे, जरीपटका, तंबू, तळ, नगारा, चोपदार. बेळगाव भागातल्या अंकलीच्या शितोळे सरकारांनी घोडे आणि तंबूंची व्यवस्था पाहिली. आजही आषाढीच्या पालखीसाठी अंकलीहून घोडे चालत येतात.

विचार करा, याच शिंद्यांच्या घराण्याने पानिपतला आपली माणसं गमावली होती. जनकोजी शिंदे तिथेच गेले, महादजींचा पाय कायमचा अधू झाला. त्या फौजेतला माणूस सत्तर वर्षांनी हजारो निःशस्त्र माणसांना बायकापोरांसकट अडीचशे किलोमीटर चालवत नेण्याची पद्धत बसवतो. हैबतबाबांच्या मनात पानिपत होतं की नव्हतं, हे सांगणारा कागद काही माझ्या पाहण्यात नाही, आणि मी तसं म्हणणारही नाही. पण दोन्ही चित्रं शेजारी ठेवली की फरक दिसतो. पानिपतला गर्दी होती. वारीत दिंड्या आहेत.

दिंडी म्हणजे काय, हे इथे वाढलेल्या मुलांसाठी थोडं सांगते. दिंडी म्हणजे एकत्र चालणारा, एकत्र जेवणारा गट. प्रत्येक मानाच्या दिंडीला क्रमांक आहे, आणि तो क्रमांक रथाच्या पुढे किंवा रथाच्या मागे असा आहे. पुढची मागे नाही, मागची पुढे नाही. दिंडीत सगळ्यात पुढे पताका घेतलेले, मग टाळकरी, मृदंग, विणेकरी, आणि मागे डोक्यावर तुळशीवृंदावन किंवा पाण्याची कळशी घेतलेल्या बाया. ती कळशी स्वतःसाठी नसते. चालताना ज्याला तहान लागेल त्याच्यासाठी असते. डोक्यावर सगळ्यात जास्त वजन आहे ते दुसऱ्याच्या पाण्याचं.

स्वतःचं सामान किती? खांद्याला पडशी किंवा पिशवी, तिच्यात टाळ, एखादी पोथी, कपड्याचा एक जोड, आणि पावसासाठी प्लास्टिकचा कागद. पूर्वी घोंगडी असे. अंथरूण-पांघरुणाची वळकटी दिंडीच्या ट्रकवर जाते, पूर्वी ती बैलगाडीत किंवा बैलाच्या पाठीवर जाई. भांडी, शिधा, तंबू हे सगळं दिंडीचं, कुणा एकाचं नाही. त्यासाठी प्रत्येकाने निघताना ठरलेली भिशी भरायची. प्रत्येक घराने आपला कुकर, आपली कढई, आपला पीठ मळायचा ताट असं घेतलं असतं, तर वारी दिवेघाट चढलीच नसती. दहा घरांना दहा इस्त्र्या लागत नाहीत, हे वारकऱ्यांना ठाऊक होतं. आपण चार कुटुंबं मिळून सहलीला निघालो की चार कुकर नेतो.

संध्याकाळी तळावर समाज आरती होते. सगळ्या दिंड्या गोलात उभ्या राहतात, टाळांचा कल्लोळ चालू असतो, आणि चोपदार आपला चोप उंच करतो. एका क्षणात शांतता. ज्या दिंडीची काही तक्रार असेल ती मात्र टाळ वाजवत राहते. एवढ्या शांततेत तो एकच आवाज उठून दिसतो, चोपदार तिकडे जातो, म्हणणं ऐकतो आणि निवाडा होतो. मग दिवसभरात हरवलेल्या आणि सापडलेल्या वस्तू पुकारल्या जातात. कुणाची पिशवी, कुणाचा चष्मा, कधी कुणाची म्हातारी आई. लाखो लोकांच्या गर्दीत हरवलेला चष्मा परत मिळू शकतो, कारण चष्मा सापडला की तो चोपदाराकडे द्यायचा हे सगळ्यांना माहीत असतं. आपल्या विमानतळांवर सामान हरवलं तर जो अनुभव येतो तो आठवा. मी त्याबद्दल काही बोलत नाही.

वारीत सगळं गोड होतं असं चित्र रंगवायचं नाही. समाजशास्त्रज्ञ इरावती कर्वे स्वतः वारीबरोबर चालल्या आणि त्यांनी ‘वाटचाल’ हा लेख लिहिला. एकच अभंग म्हणत, एकाच चिखलातून चालणारी माणसं जेवायला मात्र जातीजातीने वेगळी बसतात, हे त्यांना खुपलं, आणि त्यांनी ते स्पष्ट लिहिलं. वाटेवर पाणी देणारा हात जेवणाच्या वेळी आखडतो, ही आपली जुनी खोड.

दुसरी गोष्ट घाणीची. एकोणिसाव्या शतकात पंढरपूरच्या यात्रेबरोबर पटकीची साथ गावोगाव पोचत असे. यात्रेकरू स्वतःचं गाठोडं हलकं ठेवत होते, पण जे मागे टाकून जात होते त्याचं ओझं पंढरपूरवर आणि वाटेतल्या गावांवर पडत होतं. हे ओझं ज्या माणसाने ओळखलं तो म्हणजे गाडगेबाबा. जन्म १८७६, अमरावती जिल्हा. त्यांचं प्रवासाचं सामान मोजू या. चिंध्यांचा अंगरखा, हातात खराटा, आणि एक मडक्याचं खापर. त्याच गाडग्यात पाणी, त्याच गाडग्यात भाकरी, ऊन असलं की तेच डोक्यावर. ज्या गावात जातील तिथे आधी खराट्याने गाव झाडायचं, मग रात्री कीर्तन. पंढरपूरला ते वर्षानुवर्षं जात आणि देवळात दर्शनाला जाण्याऐवजी बाहेरची घाण काढत. तिथे त्यांनी ज्यांना दुसरीकडे कुणी उतरू देत नसे अशा यात्रेकरूंसाठी चोखामेळा धर्मशाळा बांधली, आणि पुढे ती डॉ. बाबासाहेब आंबेडकरांच्या पीपल्स एज्युकेशन सोसायटीच्या हवाली केली. माझ्या मते हलकं सामान आणि दुसऱ्याचा विचार या दोन गोष्टी एका माणसात इतक्या पूर्णपणे आलेल्या आपल्याकडे दुसरं उदाहरण नाही. गेल्या दहा-बारा वर्षांत ‘निर्मल वारी’च्या नावाने वाटेवर फिरती शौचालयं आली. गाडगेबाबांना जाऊन तोवर जवळजवळ साठ वर्षं झाली होती.

पायी चालणाऱ्याला आपलं वजन आपल्याच पायांना कळतं. आगगाडी आली आणि हे बदललं. १६ एप्रिल १८५३ ला बोरीबंदर ते ठाणे पहिली गाडी धावली, आणि पुढच्या पन्नास वर्षांत मराठी माणसाच्या बोलण्यात ट्रंक, वळकटी, होल्डॉल, फिरकीचा तांब्या हे शब्द रुळले. सामान आता इंजिन ओढत होतं. मग घ्या हवं तेवढं! फक्त डब्यात चढवायला आणि उतरवायला लाल डगल्यातला, दंडावर पितळी बिल्ला लावलेला हमाल होता. आणि डब्यात, ती ट्रंक जिथे ठेवायची तिथे कुणीतरी आधीच बसलेलं असे.

या तिसऱ्या वर्गाच्या डब्यातली एक हकिकत मला आपल्यासाठी मुद्दाम सांगायची आहे, कारण तिच्यात एक मराठी माणूस आणि एक डबा आहे.

१९०१ च्या डिसेंबरात कलकत्त्याला काँग्रेसचं अधिवेशन झालं. दक्षिण आफ्रिकेहून आलेले मोहनदास गांधी त्यानंतर महिनाभर गोपाळ कृष्ण गोखल्यांकडे राहिले. तिथून राजकोटला जायचं, वाटेत काशी, आग्रा, जयपूर, पालनपूर करायचं, आणि तेही तिसऱ्या वर्गाने, म्हणजे तिथल्या प्रवाशांचे हाल स्वतः कळतील, असं गांधींनी ठरवलं. सामानाची यादी त्यांनी आत्मचरित्रात दिली आहे. बारा आण्याची एक कॅनव्हासची पिशवी. तिच्यात एक लांब लोकरी कोट, एक धोतर, एक पंचा, एक सदरा. पांघरायला एक कांबळं आणि पाण्यासाठी एक भांडं. बस्स. परदेशात वकिली करणाऱ्या बॅरिस्टरचं हे सामान.

गोखल्यांना आधी ही कल्पना फारशी पटली नव्हती. पण हेतू कळल्यावर त्यांनी एक धातूचा डबा आणला आणि लाडू-पुऱ्यांनी भरून दिला. स्टेशनवर पोचवायला येऊ नका, असं गांधींनी सांगितलं होतं. तरी गोखले आले, आणि डॉ. प्रफुल्लचंद्र रायही आले. गोखल्यांचं म्हणणं असं की तुम्ही पहिल्या वर्गाने गेला असता तर आलो नसतो, आता मात्र यायलाच हवं. फलाटावर रेशमी पगडी घातलेल्या गोखल्यांना कुणी अडवलं नाही. बंगाली वेषातल्या डॉ. रायना मात्र तिकीट तपासनिसाने थांबवलं, आणि हे माझे मित्र आहेत असं गोखल्यांनी सांगितल्यावर सोडलं. कपड्यावरून माणूस ओळखण्याची रेल्वेची सवय अशी जुनी. त्या सगळ्या प्रवासाचा खर्च, तिकिटासकट, एकतीस रुपयांच्या वर गेला नाही.

पंधरा वर्षांनी, १२ सप्टेंबर १९१७ ला, गांधी मुंबईहून मद्रासच्या मेलमध्ये बसले. तिकीट तेरा रुपये नऊ आणे. डब्यावर लिहिलेलं होतं बावीस प्रवासी, आणि तेही फक्त बसण्यापुरते, दोन रात्रींच्या प्रवासासाठी. पुण्यापर्यंत दांडग्या प्रवाशांनी दारं अडवून धरली म्हणून निभावलं. रायचूरनंतर गर्दी असह्य झाली, रेल्वेचे लोक आणखी माणसं आत ढकलत राहिले, आणि त्या रात्री बराच वेळ डब्यात पस्तीस माणसं होती. सगळ्या प्रवासात डबा एकदाही झाडला गेला नाही. या अनुभवावरचा त्यांचा लेख पुस्तिका म्हणून प्रसिद्ध झाला. पहिल्या वर्गाचं भाडं तिसऱ्याच्या पाचपटीहून जास्त आहे, मग तिसऱ्या वर्गाला निदान पाचवा हिस्सा सोय मिळते का, हा त्यांचा सवाल रेल्वेला होता. पण त्यांनी प्रवाशांनाही सोडलं नाही. बसल्या जागी थुंकणं, उष्टं तिथेच टाकणं, मोठमोठ्याने बोलणं, शेजाऱ्याची पर्वा न करणं, याबद्दल त्यांनी आत्मचरित्रात तितकंच कडक लिहिलंय. सुशिक्षितांनी तिसऱ्या वर्गाने प्रवास करावा आणि या सवयी बदलाव्यात, असं त्यांचं म्हणणं होतं. सुशिक्षितांनी काय केलं? संधी मिळताच वरच्या वर्गात गेले. आपणही त्यांचीच पिल्लं.

पुढची हकिकत झपाट्याने सांगते. १९७२ मध्ये बर्नार्ड सॅडो या अमेरिकन माणसाला चाकं लावलेल्या सूटकेसचं पेटंट मिळालं. ती बॅग पट्ट्याने ओढायची होती आणि वाटेत कलंडायची. १९८७ मध्ये रॉबर्ट प्लॅथ या वैमानिकाने दोन चाकं आणि लांब दांडा असलेली उभी बॅग बनवली, जी आज आपण सगळे ओढतो. भारतीय रेल्वेत हमालांचं काम त्यामुळे कमी झालं. २०१६ च्या रेल्वे अर्थसंकल्पात सुरेश प्रभूंनी त्यांना ‘सहायक’ हे नवं नाव दिलं. नाव चांगलंच आहे, पण पुढून चाकांच्या बॅगांची रांग जात असताना नावाने पोट भरत नाही.

चाकांमुळे एक घोटाळा झाला. सपाट फरशीवर २३ किलोंची बॅग बोटाने सरकते, त्यामुळे ती जड आहे हे आपण विसरून जातो. मग जिना येतो. पट्ट्यावरून बॅग उचलायची वेळ येते. डोक्यावरच्या कप्प्यात हातबॅग चढवायची असते. तिथे चाकांचा काही उपयोग नसतो. तिथे पाठ लागते, आणि बऱ्याचदा ती दुसऱ्याची असते.

आता आपल्या घरची गोष्ट. आपण इथे आलो तेव्हा आपल्या बॅगा कुणी भरल्या? आईने. त्यात काय होतं ते सांगायला नको. आता तीच आई सत्तरीची झाली आहे, गुडघे दुखतात, फ्रँकफर्टला किंवा दोह्याला विमान बदलायचंय, इंग्रजी बोलायचं दडपण आहे. आणि तिच्या नावावर ४६ किलो सामान आहे. त्यातलं तिचं स्वतःचं किती? चार साड्या किंवा ड्रेस, औषधं, एक स्वेटर. बाकी सगळं आपलं. नातवासाठी कंदी पेढे, सुनेसाठी कुर्ते, आपल्यासाठी गोडा मसाला, मेतकूट, थालिपीठाची भाजणी, शेजारच्या मावशींच्या मुलीसाठी ‘एवढंसंच’ पाकीट. असं एवढंसंच पाकीट तीन घरांतून आलं की पाच किलो होतं. चेक-इनच्या वेळी विचारतात, बॅग तुम्ही स्वतः भरली का, कुणी काही दिलंय का. त्या प्रश्नाला आई काय उत्तर देणार, याचा विचार पाकीट देणाऱ्याने केलेला नसतो.

आणि विमानतळावर व्हीलचेअर मागितली की प्रश्न सुटला असं आपण मानतो. व्हीलचेअर ढकलणारी व्यक्ती एका हाताने खुर्ची ढकलते आणि बाहेर पडताना दुसऱ्या हाताने आपली ट्रॉली ओढते. पुष्कळदा ती आपल्या आईच्याच वयाच्या आसपासची असते.

भाजणी इथे मिळते. नाही मिळाली तर भाजता येते, एका शनिवारचं काम आहे. गोडा मसाला आज बहुतेक भारतीय दुकानांत आहे, आईच्या हातचा नाही हे खरं. आईच्या हातचा हवाच असेल, तर पाव किलो आणायला सांगा, दोन किलो नको. शेजाऱ्यांच्या पाकिटाला नाही म्हणायचं काम आईवर सोडू नका. आपण फोन करून सांगायचं, की मावशी, यावेळी आईला जमणार नाही. वाईटपणा आपण घ्यायचा. आणि आपण तिकडे जाताना दहा घरांसाठी दहा शांपूच्या बाटल्या नेण्याची प्रथा आता बंद करायला हरकत नाही. तिथल्या दुकानात त्याच बाटल्या मिळतात, आणि देणाऱ्या-घेणाऱ्या दोघांनाही ते माहीत असतं.

एक गोष्ट मात्र जरूर बरोबर घ्यावी, आणि ती गोखल्यांकडून शिकण्यासारखी आहे. वाटेत खायचा डबा. तो दिला जातो तेव्हा भरलेला असतो आणि पोचेपर्यंत रिकामा होतो. शेजारच्या सीटवरच्या माणसालाही त्यातली पुरी देता येते. आमच्याकडे सासूबाई पुढच्या आठवड्यात येताहेत. एकच बॅग, चौदा किलो, मी फोनवर काट्याचा आकडा विचारून घेतलाय. डब्यात दशम्या आणि लसणाची चटणी आहे. तो फ्रँकफर्टच्या आधीच संपेल, तुमच्या वाट्याला काही यायचं नाही, असं त्यांनी आम्हाला आधीच बजावलंय.